मोघ्यांची शेवटची ओळ

मोघ्यांच्या छत्रीच्या दांड्याला एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. ‘ही छत्री. पाऊस पडत असताना वापरावी. वारा असल्यास वापरू नये, रेनकोट घालावा.’ हॉलंडात वारा नसलेला पाऊस मी अजून पाहिलेला नाही, त्यामुळे ती छत्री युट्रेख्टच्या आमच्या ऑफिसात वर्षानुवर्षं कोरडी उभी आहे.

मोघे माझे सीनियर. पन्नाशीचे, एकटे, उइटहॉर्नला राहणारे. आमचं काम एआय एजंटांसाठी टूल्सची, म्हणजे ऑर्डर शोधणं, रद्द करणं अशा एकेका कामाच्या छोट्या प्रोग्रॅमांची, वर्णनं लिहिण्याचं. गिऱ्हाइकाचं म्हणणं वाचून कुठलं टूल चालवायचं हे एजंट स्वतः ठरवतो, आणि ठरवतो ते आम्ही टूलपुढे लिहिलेल्या चार ओळींवरून. मोघ्यांचा हट्ट एकच. टूल कधी वापरावं हे लिहिलंत ना, मग कधी वापरू नये तेही लिहा. ही शेवटची ओळ नसेल तर ते काम तोंडावर परत करतात. डब्यातलं लोणचं वाढतानासुद्धा ‘दह्याबरोबर नको’ असं बजावतात.

एकदा मी ऑर्डर रद्द करणाऱ्या टूलपुढे नुसतं ‘ऑर्डरच्या अडचणींसाठी’ असं लिहिलं. एका बाईंनी विचारलं, माझा पलंग कुठवर आलाय? एजंटाने पलंगच रद्द करून टाकला. मी एजंटाला बिनडोक म्हणालो. मोघे चिडले नाहीत, पण खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले.

“त्याला तुझ्या मनातलं दिसत नाही रे. तू लिहिलंस तेवढंच दिसतं.”

हे वाक्य आम्ही त्यांच्यामागे त्यांच्याच आवाजात म्हणायचो आणि पोट धरून हसायचो. आता त्याची लाज वाटते.

तेव्हा माझ्या बायकोला, मनालीला, आठवा महिना होता. पुण्याहून येऊन तिला जेमतेम चार महिने झालेले. सासूबाईंचा व्हिसा अडकला होता आणि नीउ-व्हेनेपच्या घरात ती दिवसभर एकटी असायची. तिला काही झालं तर काय, या धास्तीने माझं कामात लक्ष नसे. हे कळल्यावर मोघे शनिवारी सायकल हाणत घरी आले, न बोलावता. चहाला नको म्हणाले आणि थेट फ्रीजपुढे उभे राहिले. तिथे मी चिठ्ठी लावली होती, ‘बरं वाटत नसेल तर’, आणि खाली हाउसआर्ट्सचा, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरचा, नंबर.

मोघ्यांनी ती काढून खिशात घातली. कोरा कागद घेऊन तीन नंबर लिहिले, हाउसआर्ट्स, मिडवाइफ आणि इमर्जन्सीचा ११२. प्रत्येकापुढे कधी करावा, कधी करू नये. मग मनालीची तोंडी परीक्षा सुरू झाली. खोकला? हाउसआर्ट्स. पाणी गेलं? मिडवाइफ. मला हसू आवरेना.

“छातीत दुखतंय, श्वास लागलाय?”

“आधी हाउसआर्ट्सला विचारीन ना, काका. उगाच अँब्युलन्स कशाला?”

मोघ्यांनी पेन खाली ठेवलं.

“माझ्याही फ्रीजवर हीच चिठ्ठी होती,” ते म्हणाले. “हेच शब्द. मी ऑफिसात होतो. बायकोच्या छातीत दुखायला लागलं, तिने हाउसआर्ट्सला फोन लावला. तिथे डचमध्ये टेप लागते, जीव धोक्यात असेल तर एक दाबा. तिला कुठलं डच? येऊन दोन महिने झालेले. आपला नंबर लागेल म्हणून फोन कानाला धरून बसून राहिली. मी आलो तेव्हाही फोन हातातच होता.”

मनालीने माझा हात घट्ट धरला.

“लोक म्हणाले, एवढी शिकलेली, ११२ कसं सुचलं नाही? माझ्यापेक्षा हुशार होती ती. पण मी लिहिलं तेवढंच तिला दिसत होतं.”

मोघ्यांनी पुन्हा पेन उचललं आणि कागदाच्या तळाशी चौथा नंबर लिहिला, स्वतःचा. ‘कधी करावा’पुढे लिहिलं, ‘काहीच सुचत नसेल तेव्हा’. ‘कधी करू नये’पुढे नुसती एक रेघ ओढली.

“काका, इथे काय लिहायचं?” मनालीने हळूच विचारलं.

“काही नाही,” मोघे म्हणाले. “रेघ मुद्दाम ओढलीय. लिहायचं राहून गेलं, असं वाटायला नको.”