तुळसाआक्कांचा शनिवारचा वर्ग

आमच्या शेजारच्या तुळसाआक्का मोबाइलवर सर दिसले की उठून उभ्या राहतात आणि सर 'बसा' म्हणेपर्यंत बसत नाहीत. रेकॉर्ड केलेले सर काही 'बसा' म्हणत नाहीत. त्यामुळे पहिला आठवडाभर आक्कांनी सगळा इतिहास उभ्यानेच ऐकला.

अंगणवाडीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी दूरशिक्षणातून बी.ए.ला नाव घातलं. सुरतेच्या मुलाने मोबाइल पाठवला आणि बाकीचं शेजारच्या भाऊला विचार, असं सांगून मोकळा झाला. भाऊ म्हणजे मी. मी कचेरीत कारकून, म्हणून मला सगळं कळतं असा आमच्या गल्लीचा समज. खरं तर अ‍ॅप कुठलं, पोर्टल कुठलं आणि ओटीपी कुठल्या नंबरवर जातो, हे मलाही उमगत नव्हतं. एकदा लिंक शोधता शोधता आम्ही दोघं भलत्याच शेतीच्या वर्गात जाऊन बसलो. आक्कांनी तिथेही केळीवरच्या रोगांची टिपणं काढली.

शनिवारी मात्र मोबाइलवरच थेट वर्ग भरे. नवापूर, प्रकाशा अशा गावांकडच्या पोरी स्क्रीनवर चौकोनाचौकोनांत दिसायच्या. पहिले दोन शनिवार आक्का माइक बंद ठेवूनच बोलल्या. कुणी उत्तर देईना, तेव्हा मला म्हणाल्या, "पोरी शिकेल शेतस, पन वळन नही." शिकलेल्या आहेत, पण रीत नाही, असा त्यांचा निकाल. माइक सापडल्यावर मग कुणाकडे काय भाजी, कुणाच्या लेकराला ताप, सगळी चौकशी सुरू झाली. सरांना शिकवायला जेमतेम वेळ उरायचा.

परीक्षाही घरूनच होती. पाच पेपर आक्कांनी नीट दिले. शेवटच्या पेपराला तासाभराने डोकावलो, तर एकाही पर्यायावर बोट ठेवलेलं नव्हतं. अवघड आहे का, विचारलं. सगळं येतं म्हणाल्या आणि मोबाइल पालथा घातला.

"भाऊ, नापास व्हई जासू, मंग पुढला साल बी ह्याच पोरी भेटतीन ना?"

त्यांना बी.ए. एका वर्षाचंच वाटत होतं. अजून दोन वर्षं आहेत आणि पोरी पुढच्या वर्गात जाणार, हे मी सांगितलं.

"सगळ्याच?"

"सगळ्याच."

त्यांनी मोबाइल ओढून घेतला. उरलेल्या वीस मिनिटांत पास होण्यापुरतं झालं. मग पुढचा वर्ग कुठल्या शनिवारपासून, असं त्यांनी मला दोनदा विचारलं. मला ठाऊक नव्हतं. तोवर दर शनिवारी आक्कांना चहाला बोलवायचं, एवढं मी घरात सांगून ठेवलं.