अकेयोवरचा लेख

"दहा मिनिटांत वाचून संपवतो, मग जेवू!" ओग्वेनो भर अंगणात म्हणाला आणि स्वतःच दचकला. एवढ्या मोठ्यानं तो आयुष्यात बोलला नव्हता. पण गोष्टच तशी होती! सरोवरात स्वतःची नाव घालणारी किनाऱ्यावरची पहिली बाई म्हणून नैरोबीच्या एका संकेतस्थळानं त्याच्या बायकोवर, अकेयोवर, लेख छापला होता. सारं गाव जमलं. माशांची पातेली झाकून ठेवली. अकेयो नवा रुमाल डोक्याला बांधून मधोमध बसली.

ओग्वेनोनं मोबाइल नाकाशी धरला. लेख पहाटेच्या धुक्यापासून सुरू झाला. मग धुक्यातले बगळे. मग वार्ताहराचं बालपण.

"आमची ताई कुठाय?" मेहुणा ओकुमू ओरडला.

"येईल, येईल. आधी रेल्वे येतेय."

"थांब!" म्हातारा ओडेरा उठला. "त्या रेल्वेचे रूळ माझ्या आजोबांनी टाकले!" टाळ्या!

लुओ लोकांची रीतच ती. गाणं असो की वाचन, मध्येच थांबवायचं आणि आपल्या माणसांची थोरवी गायची. नाही म्हणायची सोय नाही. पुढे वाऱ्याचं वर्णन आलं, तर ओकुमू उभा!

"वाऱ्यासारखा पळतो तो मीच!"

"तू? परवा बदकानं गाठलं तुला!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

मध्ये गादीची जाहिरात आली. घाबरलेल्या ओग्वेनोनं तीही वाचून टाकली. तिलाही टाळ्या पडल्या! तास उलटला. लोक पातेल्यांकडे बघू लागले. अकेयोची मान खाली जात चालली. हे लिहिणारे एवढं लांबवतात कशाला मेले, ओग्वेनो मनात चरफडला.

"...आणि धुक्यातून ती आली," त्यानं वाचलं. सगळे पुढे सरकले! बोट सरकवलं, तर पडद्यावर पाटी: 'पुढील मजकूर फक्त वर्गणीदारांसाठी.'

ओग्वेनोनं अकेयोकडे पाहिलं. आणि तो वाचतच राहिला!

"लोक हसले, तरी तिनं नाव पाण्यात लोटली. वादळात बुडणाऱ्या दोघांना ओढून काढलं. नवरा पुस्तकात तोंड खुपसून बसायचा, त्याला धड पोहताही येत नव्हतं. पण ती परत येईपर्यंत तो रोज किनाऱ्यावर उभा असायचा. ती दिसली की त्याला वाटायचं, अख्खं सरोवर आपल्याच घरचं आहे."

या वेळी कुणीच मध्ये उठलं नाही. मग बायकांनी असा जल्लोष केला की कोंबड्या छपरावर चढल्या!

अकेयो हळूच त्याच्या खांद्यावरून वाकली. तिनं ती पाटी वाचली. ओग्वेनो लाजेनं पार कानापर्यंत लाल झाला.

"चला, जेवायला!" ओकुमू पातेल्याकडे धावला.

"बस खाली!" अकेयो कडाडली. मोबाइल काढून घेत ती नवऱ्याला म्हणाली, "लेख कुठे संपलाय? वाचा हो पुढे!"