गाडी शेवटपर्यंत गेली पाहिजे

वैभवनं गाडीची मागची सीट काढून अंगणात ठेवली, तेव्हा जनाबाई तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

"आता मी कुठं बसू रे बाबू?"

"माय, गाडी हलकी करून राहिलो. वजन कमी झालं की पळते."

"मंग मलेच उतरवायचं होतं. सीट काहून काढली?"

हा मुद्दा बिनतोड होता, पण तोवर एसीही निघाला होता. मग रेडिओ निघाला, दारांचं अस्तर निघालं, आणि ज्या गाडीतून हर्षा नवरी होऊन या घरी आली होती तिच्या दोन्ही दारांवर बाराचा आकडा चिकटला. लकडगंजातल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत बिलं तपासणारा वैभव आणि त्याचा मेकॅनिक मित्र शालिकराम याला गाडीचा विकास म्हणत. आधी असलेलं काढायचं आणि नवं येईपर्यंत लोकांनी धूळ खायची, हा विकास नागपूरकरांना नवा नव्हता.

भिवापूरच्या रस्त्यावर, मिरच्यांच्या शेतांना लागून, एका हौशी बिल्डरनं ट्रॅक बांधला होता. तिथं घरगुती गाड्यांच्या शर्यती होत. अट एवढीच की गाडी मुळात शोरूममधून साध्या माणसाला विकलेली असावी. वैभवची गाडी तिथं तीनदा पळाली होती. पहिल्या खेपेला इंजिन उकळलं. दुसऱ्या खेपेला गिअरचा दांडा हातात आला. तिसऱ्या खेपेला गाडी बिचारी ठणठणीत होती, पण वैभव गाडी शिकला इतवारीच्या बाजारगर्दीत. आरशात उजवीकडून कोणी येताना दिसलं की अंग चोरून डावीकडे सरकायची त्याला सवय. मागच्याला त्यानं इतक्या मनापासून वाट दिली की स्वतः मिरच्यांत गेला.

बंपरमधली झाडं उपटता उपटता हर्षानं निकाल दिला.

"आता एकच खेप. पहिला नंबर नको, दुसरा नको. गाडी निस्ती शेवटपर्यंत गेली पाहिजे. नाही गेली, त सीट परत बसवायची अन् हा तमाशा बंद."

"बंद म्हणजे?"

"बंद म्हणजे बंद. मंग याच गाडीत आईंले घेऊन रामटेकले जायचं. हळूहळू."

त्या 'हळूहळू'नं वैभवच्या काळजाचं पाणी झालं.

नेमका त्याच वेळी आयोजकांचा नवा नियम आला. ड्रायव्हरच्या खिडकीला जाळी हवी, म्हणजे गाडी उलटली तर हात बाहेर येणार नाही. तयार जाळी बाहेरून मागवायची तर शर्यत होऊन गेल्यावर आली असती. शालिकरामची नजर मागच्या खोलीतल्या हातमागावर गेली. वैभवचे वडील, बाबनराव, यांनी त्यावर जन्मभर करवती काठाची लुगडी विणली होती. आता माग चादर पांघरून होता, आणि गाडीच्या या भानगडीबद्दल बाबनराव अवाक्षर काढत नसत.

"काकाजी, एक जाळी इणून द्या ना. मजबूत पाहिजे."

"किती मजबूत?"

"माणसाचा हात निघाला नाही पाहिजे अंदरून."

बाबनरावांच्या चेहऱ्यावर तेज आलं. त्याच दुपारी माग खडखडू लागला. वैभव डोकावला, तर "पुरं झाल्याबिगर पाहाचं नाही" म्हणून दार लोटलं गेलं.

शर्यतीच्या सकाळी, ट्रॅकवर, त्यांनी पिशवीतून जाळी काढली. लाल नायलॉन, दोन्ही बाजूंना करवती काठ, आणि वीण अशी की वर पाणी ओतलं तर तळं साचावं.

"बाबा, हे त कापड हाये. जाळीले भोकं लागतात."

"भोकं?" बाबनराव दुखावले. "एक भोक राहू नाही म्हणून जन्मभर डोळे फोडले मी. अन् तू मले भोकं इणायले सांगून राहिला?"

शालिकरामनं कैची काढली. जनाबाईंनी त्याचं मनगट धरलं.

"नव्या कापडाले कैची? आजच्या दिवशी? ठेव ते!"

तेवढ्यात गाड्या तपासणाऱ्या प्रियदर्शनी मॅडम आल्या. त्यांनी जाळी ओढून पाहिली, बुक्की मारून पाहिली.

"हात बाहेर येतो?"

"हात काय मॅडम, मच्छर नाही येत," शालिकराम म्हणाला.

मॅडमनी नियम चाळले. "भोक जास्तीत जास्त केवढं असावं ते दिलंय. कमीत कमी केवढं, ते दिलेलं नाही." आणि नियमात नसलेल्या कारणासाठी गाडी अडवणं नियमात बसत नव्हतं, म्हणून त्यांनी सही केली.

वैभव आत बसला. उजवीकडचं जग संपलं होतं. आतला आरसा विकासातच निघाला होता, आता बाहेरचाही नाही, बाजूची गाडी नाही, सगळं लाल. आधी घाम फुटला. मग ध्यानात आलं की मागून कोण येतंय ते दिसत नाही, म्हणजे वाट द्यायचा प्रश्नच नाही. तो आपला नाकासमोर चालवत राहिला. इंजिन उकळलं नाही, दांडा जागेवर राहिला, मिरच्या डावीकडून सुखरूप मागे गेल्या. एका पांढऱ्या गाडीचा ड्रायव्हर वाट मिळेना म्हणून उजवीकडून शिव्या देत होता. त्याही जाळीतून आत आल्या नाहीत.

पुढच्या गाड्या लांब गेल्या, मग दिसेनाशा झाल्या. थोड्या वेळानं मागून येणारे आवाजही बंद झाले. सगळ्यांना एक पूर्ण फेरी मागे टाकलं, असा हिशेब वैभवनं मांडला आणि अ‍ॅक्सिलरेटर आणखी दाबला.

खरी गोष्ट अशी की शर्यत संपल्याचा झेंडा उजवीकडे हलला होता. सावली तिकडेच असल्यामुळे झेंडेवाले, फेऱ्यांची पाटी धरलेला शालिकराम आणि घरची मंडळी, सगळी उजवीकडेच होती. बाकीचे ड्रायव्हर आवारात चहा पीत होते.

"थांब गा! संपली!" शालिकराम पाटी टाकून खांद्यावरचा दुपट्टा फिरवू लागला.

"काहून थांबवून राहिला त्याले?" बाबनराव म्हणाले. "बरा चालला हाये."

पेट्रोल संपलं तेव्हाच गाडी थांबली, चढाच्या अगदी माथ्यावर. वैभव दोन्ही हात वर करून उतरला. हर्षा धावत आली.

"जितलो काय वं?"

"जितले म्हणे! सारे चहा पिऊन राहिले. शर्यत कवाचीच संपली."

वैभव रस्त्यावरच बसला. "म्हणजे... शेवटपर्यंत गेली नाही धरायची?"

मागोमाग प्रियदर्शनी मॅडम स्कूटरवर आल्या. "गेली. झेंडा तुम्हाला दाखवला होता, तुम्ही पाहिला नाही हा तुमचा प्रश्न. शेवटून दुसरे आलात. शिवाय या ट्रॅकवर एका शर्यतीत सर्वांत जास्त अंतर धावलेली गाडी हीच. तसा रकाना आहे, भरावा लागेल." आणि त्या आवाराकडे परतल्या.

"मी शेवटपर्यंत म्हटलं होतं," हर्षा म्हणाली. "शेवटाच्या पुढं जा, असं नव्हतं म्हटलं." पण हसू तिच्या ओठांवर येऊन थांबलं होतं.

तोवर शालिकराम आणि बाबनरावही येऊन पोहोचले. गाडी आवारात न्यायची होती.

"तुम्ही ढकला. मी स्टेरिंग धरते."

वैभव, शालिकराम आणि बाबनराव यांनी एकदम जोर लावला. पुढे उतार होता आणि विकासामुळे गाडी फारच हलकी झाली होती. तिघांचे हात हवेत राहिले.

"ब्रेक! ब्रेक दाब वं!" वैभव ओरडत पळाला. ही हाक त्या कापडातून आत गेली नसावी. किंवा गेलीही असावी. गाडी वळणावर जराही न कचरता फिरली, आवारात शिरली आणि दोन गाड्यांच्या मधल्या फटीत अलगद उभी राहिली. इंजिन बंद होतं, तरी दिवसभरात ती इतकी सुंदर चालली नव्हती.

वैभव धापा टाकत पोहोचला तेव्हा हर्षा पदर खोचून प्रियदर्शनी मॅडमच्या टेबलाशी उभी होती. गाल लाल झाले होते.

"मॅडम," ती विचारत होती, "पुढच्या खेपेले चालवणाऱ्याचं नाव बदलता येते काय?"