काजळगडच्या राणीस उशीर जाहला त्याची हकीकत

॥ श्री ॥ मंगलमूर्तीस वंदन, सरस्वतीस वंदन, आणि जी चौकोनी पेटी घरोघरी भिंतीवर बसून मंडळींस हसविते रडविते तीसही वंदन. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयी एका राज्यात जो कलह जाहला तो ऐकिला तैसा लिहितो. राज्याचे नाव पुसू नये. त्यास तट नाही, खंदक नाही. 'काजळगड' नामे अद्भुत मालिका जे भक्तिभावे पाहतात तेच तेथील प्रजा आणि तेच सरदार. त्यांत वडीलकीचा मान सदोबा पेडणेकर यांचा. मालिका प्रथम त्यांनी पाहिली, आणि मग एकेकास घरी बोलावून, चहा पाजून, आग्रहाने दाखविली. दुसरे विसाजीपंत कारखानीस, शाळेत गणित शिकवून निवृत्त जाहलेले. तोंडदेखले बरे म्हणणे त्यांस जन्मात साधले नाही. तिसऱ्या मैनाबाई सुर्वे. राणीविषयी कोणी वावगे बोलिले की पदर खोचून उभ्या राहावयाच्या. राज्याची रीत ऐशी की, रविवारी सायंकाळी सर्वांनी सदोबांचे घरी जमावे, एकट्याने चोरून पुढचा भाग पाहू नये, आणि भाग सरला की प्रत्येकाने पितळी तांब्यात एक वाल टाकावा. बरा वाटला तर पांढरा, वाईट वाटला तर काळा. टाकिला वाल परत घेणे नाही.

ऐशी कैक वर्षे सुखात गेली, आणि मग सदोबांस दुखणे लागले. वैद्यांनी बजाविले जे, गलका नको, पेटीचा उजेडही नको. तेव्हा दरबार मैनाबाईंचे घरी हलविला, तांब्या मात्र सदोबांचे उशाशी राहिला, आणि सोमवारी सकाळी चहाचे वेळी विसाजीपंतांनी जाऊन भाग जैसाचा तैसा सांगावा ऐसे ठरले. आणखीही मंडळी सांगावयास तयार होती, परंतु सदोबा बोलिले, "विसाजीच सांगू दे. तो मीठमसाला लावत नाही." आता मालिकेचा मजकूर थोडक्यात ऐसा की, काजळगडची राणी हेमकळा पंखवाल्या नागावर बसून हरवलेला मुलूख सोडवावयास गेली, आणि गडावर तिचा म्हातारा द्वारपाळ रोज सांजेस दिवा लावून वाट पाहात राहिला. अवघ्या प्रजेचा जीव राणीत, सदोबांचा मात्र त्या म्हाताऱ्यात. भाग सांगून जाहला की त्यांनी पुसावे, "म्हातारा आहे ना रे? दिवा लावतोय ना?" विसाजीपंतांनी सांगावे, "आहे. लावतोय." मग सदोबांनी निवांत चहाचा घोट घ्यावा आणि पांढरा वाल टाकावा.

पुढे शेवटचा भाग आला. त्या रविवारी मैनाबाईंचे घरी पाय ठेवावयास जागा नव्हती. राणी मुलूख जिंकून गडावर आली, दार उघडे होते, आदल्या सांजेचा दिवा नुकताच विझला होता, वात हातास अजून गरम लागत होती. म्हातारा त्याच दुपारी निवर्तला होता. राणी उंबऱ्यावर बसली, आणि मालिका सरली. मग जो गिल्ला उठला तो काय वर्णावा! सख्खे मित्र हमरीतुमरीवर आले. मैनाबाई डोळे पुसून बोलिल्या, "रडवलं मेल्यांनी, पण खरं ते दाखवलं. माणसं अशीच चुकतात एकमेकांना." त्यावर विसाजीपंत कडाडले, "काय खरं? बसायला पंखवाला नाग आहे, आणि उशीर होतो? आणि करते काय वाटेत, तर नदीकाठी बसून नकाशे बघते! लेखकाचा आळस आहे हा. आपली कुणी वाट बघतंय हे ठाऊक असलेला माणूस असा रेंगाळत नाही, बाई." मंडळींनी माना डोलाविल्या, मैनाबाई एकट्या पडल्या. इतक्यात हुसेनभाई मुजावर, जे आजवर भांडणात कधी पडले नव्हते, ते हळूच बोलिले, "ते राहू द्या. उद्या सदोबाला काय सांगणार?"

तेव्हा अवघा दरबार भानावर आला. म्हातारा गेला, हे सदोबांस कोणत्या तोंडाने सांगावे? शेवटी विसाजीपंत जन्मात प्रथमच खोटे बोलण्यास कबूल जाहले. ठराव ऐसा की, सकाळी लवकर जमावे, म्हातारा जगतो ऐसा शेवट रचावा, आणि तो घेऊन पंतांनी जावे. जमले खरे, परंतु चार भक्त एक शेवट रचू लागले म्हणजे काय होते ते शहाण्यांस सांगणे न लगे. एक म्हणे राणीने म्हाताऱ्याचे पाय धरावे, दुसरा म्हणे राणी पाय कशी धरील, आणि मग दिवा तुपाचा की तेलाचा यावर तंटा लागला. विसाजीपंतांस तर खोटेही चोख हवे! गडाच्या चौकात एवढा नाग मावेल कैसा, याचाच हिशेब ते करीत बसले. मध्यंतरी सदोबांच्या पत्नी शालिनीबाई यांचा फोन आला. "भावजी, त्यांचा चहा झाला. सारखं विचारताहेत." पंत बोलिले, "आलोच वहिनी. एवढा शेवट होऊ द्या." आणि पुनः वाद सुरू जाहला. मैनाबाईंनी पिठलेभात वाढला, तो खाताखाता शेवट जमून आला. आणि काय सुरेख जमला! म्हातारा दिवा उंच धरितो, राणी म्हणते, "दमलास ना?" ऐकून हुसेनभाईंचे डोळे पाणावले.

मग विसाजीपंत तो शेवट मनात घोळवीत स्कूटरीवर निघाले. वाट ती किती, दोन गल्ल्यांची. वळण घेतले तो सदोबांचे दाराबाहेर चपलाच चपला दिसल्या. काय लिहावे! लेखणी जड जाहली. पंत आत गेले, सदोबा भुईवर निजविले होते, शालिनीबाई भिंतीशी बसल्या होत्या. त्या बोलिल्या, "तासाभरापूर्वी गेले, भावजी. कान सगळा दाराकडे होता." पंतांनी विचारिले, "रागावला होता का?" त्या बोलिल्या, "छे हो. म्हणाले, विसाजीला वेळ लागतोय म्हणजे शेवट चांगला असणार. वाईट असता तर तडक येऊन, सांगून मोकळा झाला असता. आणि मला म्हणाले, तांब्या पुढे कर." पंतांनी तांब्यात पाहिले. आत पांढरा वाल होता.

मग शालिनीबाई, ज्या इतकी वर्षे स्वयंपाकघराच्या दाराआडून काजळगड ऐकत आल्या होत्या, त्यांनी डोळे टिपून हळूच पुसिले, "होता ना हो तो म्हातारा? दिवा होता ना?" रचिलेला अवघा शेवट पंतांचे जिभेवर होता. परंतु ते मागे सरून उंबऱ्यावर बसले, आणि बोलिले, "होता वहिनी. दुपारपर्यंत होता. राणीलाच उशीर झाला."

येणेप्रमाणे हकीकत. शेवट बरा की वाईट हा कलह राज्यात अद्याप चालतो, मैनाबाई एका बाजूस आणि अवघे दुसऱ्या बाजूस. विसाजीपंत कोणत्याच बाजूस बोलत नाहीत. कोणी म्हणाले की पंखवाल्या नागावर बसून उशीर होणे शक्य नाही, तर ते उठून चालू लागतात. सदोबांचा वाल रीतीप्रमाणे तांब्यात तैसाच आहे. ऐकिले तितके लिहिले. अधिकउणे असेल ते वाचणाराने पोटात घालावे.