चाकांवरची बैठक

पडदा उघडायच्या आधीच सासरेबुवांनी बजावलं, "जावईबापू, घर म्हटलं की त्यानं जागेवर राहावं. आज ही खोली नको तेव्हा हलली, तर पुढच्या नाटकाचं नेपथ्य दुसरं कोणीतरी करेल!"

सासरेबुवा नाटकाचे मालक आणि नायकही. जावयाने त्यांच्यासाठी चाकांवर फिरणारं नेपथ्य बांधलं होतं. एका बाजूला बैठकीची खोली; अर्धा फेरा दिला की पाठीमागची बाग समोर. ढकलणाऱ्या मंडळींना मागून रंगमंच दिसत नसे, म्हणून खूण ठरली होती : सासरेबुवांची काठी दोनदा वाजली की फिरवायचं.

तालमीत सगळं बिनबोभाट झालं. पण तालमीत सासरेबुवांच्या अंगात येत नसे. त्याला प्रेक्षक लागत.

पहिल्याच प्रवेशात ते नाटकातल्या मुलीवर कडाडले, "या घरात," ठक्, "माझंच ऐकलं," ठक्, "जाईल!"

आणि ते ताठ्यात सोफ्यावर बसायला वाकले. सोफा निघून गेला होता. ते कुंडीत बसले.

जावई विंगेतून मागे धावला. "अरे, कोणी फिरवलं?"

"काठी वाजली ना साहेब, दोनदा!"

"ती रागाची होती!"

"आम्हाला मागून राग कसा दिसणार?"

कुंडीतून सुटून सासरेबुवांनी खोली परत मागवण्यासाठी काठी आपटली. पण चिडल्यामुळे चारदा. खोली आली तशी गेली. तेवढ्यात प्रेक्षकांना जे दिसलं, ते संहितेत कुठेच नव्हतं. मागे रिकामा सोफा आलेला पाहून सासूबाई चहा घेऊन जरा टेकल्या होत्या. त्या कपबशीसकट समोर आल्या आणि, "अहो, पुरे करा, मला गरगरतंय!" म्हणत दिसेनाशा झाल्या.

नाट्यगृह हसून लोटपोट झालं. सासरेबुवा छाती काढून म्हणाले, "बघितलंस पोरी? माझ्या रागापुढे घर टिकत नाही, तुझी काय कथा!"

टाळ्या थांबेनात. त्यानंतर त्यांना वाक्यावाक्याला राग येऊ लागला, आणि दर रागाला सासूबाई कपबशीसकट येऊन जाऊ लागल्या.

पडदा पडल्यावर जावई मान खाली घालून समोर उभा राहिला. "बाबा, चूक झाली."

"झालीच! शेवटच्या खेपेला हिला यायला केवढा उशीर! लोकांचं हसू ओसरलं. उद्या चाकांना तेल घाला. पुढच्या नाटकात जिनाही फिरता हवा. आणि हिला कप मोठा द्या, मागच्या रांगेला दिसत नाही."

"कपाचं राहू दे," सासूबाई आतून म्हणाल्या, "आधी जाहिरातीत माझं नाव घाला. तुमच्या वर."