भोईरकाका आणि हिरवा राजा

कॉम्प्युटरवरच्या शत्रूला "जेवलात का?" असं विचारणारा माणूस अख्ख्या अंबरनाथमध्ये एकच होता, आमच्या शेजारचे भोईरकाका.

नव्वद सालानंतर कधीतरी मी टायपिंगच्या कामासाठी घरी कॉम्प्युटर आणला. उल्हासनगर कॅम्प पाचच्या सिंधी दुकानदाराने "साईं, गेम फ्री में डाल दिया" म्हणत त्यात राज्य जिंकायचा खेळ भरून दिला. काका कारखान्यातून ऑफिसर म्हणून रिटायर झालेले. दुपारचा चहा झाला की माझी खुर्ची त्यांची.

लढायचं मात्र त्यांच्या जिवावर यायचं. सारखे दूत पाठवायचे. शेजारच्या राजाशी बोलायला खेळात तीनच बटणं होती: युद्ध, तह, खंडणी. यावर काकांचा भारी राग.

"हे काय राजकारण झालं? मध्यस्थ कुठाय? मानपान कुठाय? नुसतं जाऊन बसायचं बटण नको? रुसलेला माणूस काय खंडणीने येतो?"

जणू खेळ मीच बनवला होता!

पलीकडच्या हिरव्या राजाचं नाव त्यांनी वसंत ठेवलं होतं. बाकीच्यांशी कुरकुरत का होईना लढायचे, वसंतला उलट तहात गावं देऊन टाकायचे.

"काका, डोक्यावर बसेल तो."

"बसू दे. धाकट्यानेच बसायचं."

काकूंनीच मग एकदा सांगितलं. वसंत हा काकांचा सख्खा धाकटा भाऊ, बदलापूरच्या पुढे चामटोलीला असतो. मुलीच्या लग्नाचं बोलावणं काकांनी स्वतः अक्षत घेऊन जाऊन करायचं, तर घाईत पत्रिका दूधवाल्याच्या हाती धाडली. भाऊ लग्नाला आला नाही. तेव्हापासून बोलणं बंद.

"चामटोली काय विलायतेत आहे?" काकू म्हणाल्या. "दर महिन्याला निघतात. बदलापूरपर्यंत जातात आणि भाजी घेऊन परत येतात."

त्यानंतर काकांची चेष्टा करायला माझी जीभ रेटेना.

एका दुपारी हिरवं सैन्य सरळ काकांच्या राजधानीवर चालून आलं. मी ओरडलो, "काका, वसंत आला! दरवाजे बंद करा, तोफा लावा!"

काकांनी माउसवरचा हात काढून घेतला.

"येव दे रे त्याला," ते एकदम गावच्या बोलीत म्हणाले. "आला तर खरा."

हिरवे शिपाई वेशीतून आत शिरले, आणि घरी पाहुणा आल्यावर उठतात तसे काका खुर्चीतून उठून उभे राहिले.