गाडी सातची, तोंड चौदाचं

चहा पिताना तोंड फक्त चहापुरतंच उघडायचं, एवढं एक जरी मला जमलं असतं, तरी पुढचं रामायण टळलं असतं. पण त्या दिवशी अमरावतीला आमच्या ऑफिससमोरच्या टपरीवर एक जुनी पिकअप येऊन थांबली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "दोन हजार नऊचं मॉडेल दिसते."

ड्रायव्हर चाट पडला. "साहेब, कसं काय वळखलं?"

(खरं सांगायचं तर अंदाजपंचे. पण कारकुनाला कोणी 'साहेब' म्हटलं की तो अंदाज नसतो, अभ्यास असतो.)

झालं! त्या दिवसापासून मी पिकअपतज्ज्ञ. मोबाइलवर व्हिडिओ पाहून पाहून सगळं पाठ केलं. गोल दिवे म्हणजे जुनी, तिरपे म्हणजे नवी. समोरच्या जाळीच्या पट्ट्या उभ्या की आडव्या, इंडिकेटर बंपरमध्ये की दिव्यातच, सगळं तोंडपाठ. रस्त्यानं जाताना माणसांकडे पाहणंच सोडलं. शेवटी आमची शकुन (म्हणजे आमचं कुटुंब) म्हणाली, "काल शेजारची बेबीताई समोरून आली. तिनं नमस्कार केला, अन् तुमी तिच्या मागच्या गाडीच्या जाळीकडे पाहून हसून राहिले होते. ते बाई रागावली ना!"

अशात अधिक महिना लागला आणि बाळापूरहून सासऱ्यांचं, नत्थुजींचं (मी त्यांना मामाजी म्हणतो), धोंड्याच्या जेवणाचं बोलावणं आलं. अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याचे पाय धुवायचे, गळ्यात हार घालायचा, तुपात बुडवलेले पुरणाचे धोंडे नको नको म्हणेपर्यंत वाढायचे, आणि मुख्य म्हणजे त्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. मी मनातल्या मनात हे शेवटचं कलम घालणाऱ्याचे आभार मानले.

नेमके त्याच दिवशी परतवाड्याचे पंजाबराव मामाजींची जुनी पिकअप विकत घ्यायला आले. मामाजींना आता डोळ्यांनी नीट दिसत नाही, आणि माझा साळा शिवम अकोल्यात नोकरीला. गाडी अंगणात नुसती उभी. भंगारवाला वरचेवर चकरा मारून राहिला होता आणि मामाजी दरवेळी त्याला हाकलून देत होते. "घरची हाय ते. चालवनाऱ्याच्याच हाती देईन, तोडनाऱ्याच्या नाई." पंजाबराव म्हणजे नेमका चालवणारा माणूस. संत्र्याचा धंदा, आणि आल्या आल्या बोनेटवरून असा हात फिरवला जसा बैलाच्या पाठीवरून फिरवतात. मामाजींचा चेहरा खुलला.

"मॉडल कोणतं म्हणाले, नत्थुजी?"

मामाजींनी तोंड उघडलं, पण नारायण आधी बोलला. "थांबा, मी सांगतो!"

गळ्यात हार, कपाळावर टिळा, अशा थाटात मी गाडीभोवती प्रदक्षिणा घातली. कागद मागितले नाहीत. (कागद वाचून काय, कोणीही सांगेल.) "तिरपे दिवे. आडव्या पट्ट्या. इंडिकेटर दिव्यातच. दोन हजार चौदा! शंकाच नको."

अंगणातले सगळे माझ्याकडे पाहू लागले. मला वाटलं, कौतुकानं.

पंजाबरावांनी हातातले कागद पुन्हा पाहिले. "इथं तं सात लिहेल हाय. फोनवर बी तुमी सातच म्हणाले होते."

मामाजी आयुष्यात कधी खोटं बोलले नाहीत. पण समोर जावई, तोही हार घातलेला. "जवाईबापू म्हणून राहिले, तं असन बावा चौदाची."

"गाडी चौदाची, तं मंग हे कागद कोनत्या गाडीचे हायेत?"

"दुसऱ्या एखाद्या गाडीचे असतील," मी मदत केली.

पंजाबरावांनी कागद खाटेवर ठेवले. "मले हे काई बराबर वाटून नाई राहिलं, नत्थुजी. उद्या रस्त्यात कोनी अडवलं तं मी काय सांगू?" आणि ते चपला शोधू लागले.

मामाजी नुसते गाडीच्या दिशेनं पाहत उभे राहिले. मला तेव्हा कुठे उमगलं की मी सासऱ्याच्याच अंगणात उभा राहून सासऱ्याला चोर ठरवलं होतं.

तेवढ्यात शकुन पुरणाच्या हातांनी बाहेर आली. (बायकोला अधिक महिन्याचे नियम लागू नसतात.)

"थांबा जी, काका! गाडी सातचीच हाय. चौदात शिवमनं ते लिंबाच्या झाडावर घातली, समोरचं सारं चेपलं. मंग अकोल्याहून नव्या गाडीचे दिवे अन् जाळी आनून बसवली. आमच्या यायनं तोंड वळखलं, गाडी नाई वळखली."

"सांगाले काय जाते, पोरी? पटाले तं पाहिजे."

शकुन माझ्याकडे वळली. "अहो, तुमी जरा आत बसून दाखवा बरं."

"मी? कावून?"

"बसा म्हटलं ना!"

मी दार उघडलं, रुबाबात पाय टाकला, आणि खण्ण! दाराच्या वरचा पत्रा थेट कपाळावर. डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि त्या उजेडात मला सगळं लख्ख आठवलं. दोन हजार सातात आमच्या लग्नात नवरदेवाची गाडी मूर्तिजापूरजवळ बंद पडली होती. मामाजी स्वतः हीच पिकअप, तेव्हा नवी कोरी, घेऊन मला घ्यायला आले होते, आणि चढताना मी बाशिंगासकट इथेच आपटलो होतो. लग्नाच्या प्रत्येक फोटोत माझं टेंगूळ आहे.

"सातात, आमच्या लग्नातबी याच दाराले अस्संच!" शकुन म्हणाली.

पंजाबराव पोट धरून हसले. "पटलं, पटलं! चौदाच्या गाडीचं दार उंच असते, यायचं डोकं लागलंच नसतं. सातचीच हाय!"

नारळ फुटला, सौदा झाला. मामाजींनी बोनेटवर शेवटचा हात फिरवला आणि माझ्याजवळ येऊन म्हणाले, "तोंड चौदाचंच होतं, जवाईबापू. तुमी काई चुकले नाई."

अशा माणसाला काय म्हणावं सांगा! मी त्यांच्या पायाशी वाकलो, तर ते घाबरून मागे सरले. "अधिक महिना हाय, जी! तुमी नोका वाकू!"

संध्याकाळी शकुन टेंगळावर हळद लावत होती. मी म्हटलं, "तू होतीस म्हणून वाचलो गं. तुझे उपकार कसे फेडू?"

"तुमी काय कमी कामाचे हाये का?" ती म्हणाली. "दुसऱ्या कोनाचं डोकं बराबर तितंच लागलं असतं?" हे मी कौतुक समजून ठेवून घेतलं. खरंच, नशीबवान माणूस आहे मी.

पुढच्याच आठवड्यात पंजाबरावांचा फोन आला. "जवाईबापू, इथं अजून एक जुनी पिकअप विकाले आली हाय. मालक आठची म्हनते, पन मले भरोसा नाई. तुमी येता का पाहाले?"

माझी छाती फुगली. "यायची काय गरज? दिव्यांचा अन् जाळीचा फोटो पाठवा, इथूनच सांगतो!"

"दिवे-जाळी राहू द्या, जी," पंजाबराव म्हणाले. "तुमी फक्त डोकं घेऊन या. दार उघडून ठेवतो."